मागे घेतली, मागे घेतला

मुलांनो, एक हात समोर सरळ लांब करा आणि अंगठा उभा धरा. आता फक्त अंगठ्याच्या नखाकडे बघा. नख स्वच्छ दिसतं, त्याच्या बुडाशी असलेली पांढरट चंद्रकोरही दिसते. नजर तिथून न हलवता सांगा बरं, बाजूच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोणता महिना आहे? नाही सांगता येणार. भिंतीवर काहीतरी चौकोनी आहे, एवढंच कळेल.

आपल्याला वाटतं, आपण समोरचं सगळं एकदम बघतो. तसं नसतं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर मधोमध एक इवलासा खळगा असतो आणि अक्षरं वाचण्याइतकं स्पष्ट दिसतं ते तेवढ्याच जागेत. लांब धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढी जागा, बस. बाकी सगळं अंधुक. डोळा सेकंदात तीन-चार उड्या मारतो आणि मेंदू ते तुकडे जोडून अख्खं चित्र उभं करतो, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही.

आता माझ्याबरोबर कल्पना करा. आणखी पंधरा-वीस वर्षं गेली आहेत. तुम्ही एका मोठ्या धरणाच्या नियंत्रण खोलीत कामाला बसला आहात. समोर भिंतभर काचेचा पडदा आहे. त्यावर चाळीस खिडक्या उघडल्या आहेत: पाण्याची पातळी, दरवाजांवरचा दाब, घाटाघाटावरचे कॅमेरे, हवामान, वरिष्ठांचे निरोप. नजर मात्र नखाएवढीच. कुठली खिडकी मधे ठेवाल आणि कुठली कोपऱ्यात?

सोनपेरी नदीवरच्या हिरडमाळी धरणावर कुंदा मेश्राम यांना हा प्रश्न रोज पडत असे. पूर्वी त्या बोटाने खिडक्या सरकवत बसायच्या. एक पुढे आणली की दुसरी तिच्याखाली दडायची. मग ‘मांडणी’ आली.

मांडणी हा एक प्रोग्राम होता. पडद्याच्या कडेला बसवलेला एक दिवा डोळ्यावर प्रकाश टाकायचा. तो प्रकाश आपल्याला दिसत नाही, पण बुबुळावर चमकणारा त्याचा ठिपका शेजारच्या कॅमेऱ्याला दिसतो. ठिपका आणि बाहुली यांच्यातलं अंतर मोजलं की माणूस नेमकं कुठे बघतोय ते कळतं. मांडणी ते सेकंदाला शेकडो वेळा मोजायची. कुंदाबाई जी खिडकी वारंवार बघतील ती मोठी होऊन मधे यायची. जिच्याकडे बघणार नाहीत ती लहान होत कडेला जायची. वर्षभरात पडदा असा लावला गेला की नवा माणूस बघून म्हणे, “काय सुरेख आवरलंय हो!”

पुढे मांडणीला मराठी समजू लागली. “पातळी पुढे घे,” म्हटलं की ती खिडकी पुढे यायची. “ही मागे घे,” म्हटलं की मागे जायची आणि मांडणी हळू आवाजात सांगायची, “मागे घेतली.” हे ‘पुढे घे, मागे घे’ कुंदाबाईंच्या तोंडात असं बसलं की ते घरीही येऊ लागलं.

“मैत्रा, ते दप्तर मागे घे. ताट पुढे घे.”

“आई, मी काय खिडकी आहे काय?” मैत्रा म्हणायची. ती अकरा वर्षांची होती, कुंदाबाईंची एकुलती एक मुलगी.

विनोद म्हणून ती हसायची खरी, पण तिला एक गोष्ट ठाऊक होती. आईच्या पडद्यावर ‘घर’ नावाची एक खिडकी होती. मैत्राने फोन केला की तिचं चित्र त्या खिडकीत उमटायचं. दोन वर्षांपूर्वी ती खिडकी वहीच्या पानाएवढी होती. कामाच्या धबडग्यात आईची नजर तिच्याकडे कमी जाऊ लागली आणि मांडणीने ती इमानदारीने लहान केली. मागच्या दिवाळीत मैत्रा खोलीत गेली होती, तेव्हा ‘घर’ उजव्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढं उरलं होतं.

त्या वर्षी जानेवारीत एक मोठा बदल झाला. तोवर खिडकी म्हणजे नुसतं चित्र होतं. पाणी सोडण्याआधीचा भोंगा वाजवायला भिंतीवर वेगळी कळ होती. आता खिडकी म्हणजेच काम, असं ठरलं. अहवालाची खिडकी उचलून ‘पाठवा’वर ठेवली की अहवाल गेला. भोंग्याची, म्हणजे इशाऱ्याची, खिडकी उघडली की सातही घाटांवर भोंगे सुरू. बसल्या जागी सगळं. फक्त दरवाजांची कळ तेवढी भिंतीवर राहिली. शाखा अभियंता ठवकर साहेब अडून बसले होते: “दरवाजा माणसाच्या हातानंच उघडला पाहिजे. तिथं मी नाही ऐकणार.” त्यांच्या या हट्टाचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत. का ते आता सांगतो.

उन्हाळ्यात सोनपेरीचं पात्र कोरडं पडतं. मधे एक बारीक धार तेवढी वाहते. त्या वाळूत मासेमारी करणारी ढीवर कुटुंबं टरबुजाच्या वाड्या लावतात. मे महिन्यात खालच्या शहराला पिण्यासाठी पाणी सोडावं लागतं, त्याच्या आत टरबुजं काढून घ्यायची. पाच नंबरच्या घाटाखाली कौशल्याबाई दिघोरे यांची वाडी होती. त्यांची रोशनी मैत्राच्या वर्गात होती.

त्या दिवशी सकाळी मैत्रा आईला म्हणाली, “आई, मी रोशनीकडं वाडीवर जाऊन राहिली. आज शेवटचा तोडा आहे.”

“जा. पण दहाला भोंगा वाजल नं, तं एक मिनिट खाली थांबायचं नाही. अकराला पाणी सोडतो आम्ही.”

“माहीत आहे व आई.”

दहा वाजता भोंगा वाजला. खांबावरचे दिवे लाल झाले. वाडीतली आठ-दहा माणसं पाट्या डोक्यावर घेऊन काठ चढली. रोशनीचे आजोबा, डोमाजी, यांना ऐकू कमी यायचं. त्यांना कौशल्याबाईंनी दंडाला धरून वर आणलं. सगळे त्यांना आबाजी म्हणत. आबाजी कुरकुरत होते, “मधल्या बेटावर वीस-पंचवीस टरबुजं राहून गेली ना व.”

“राहू द्या. नदीचीच होती, नदी नेईल,” कौशल्याबाई म्हणाल्या.

इकडे नियंत्रण खोलीत इशाऱ्याची खिडकी लालभडक होऊन मधोमध उभी होती. तिच्यामागे पाच नंबरचा कॅमेरा झाकला गेला होता आणि कुंदाबाईंना नेमका तोच बघायचा होता. त्यांची पोर तिथं होती.

“इशारा जरा मागे घे,” त्या म्हणाल्या.

“मागे घेतला,” मांडणी म्हणाली.

लाल खिडकी समोरून गेली. कॅमेऱ्यात रिकामं पात्र दिसलं, काठावर पाट्या घेऊन उभी माणसं दिसली, मैत्राचा निळा फ्रॉकही दिसला. कुंदाबाईंना हायसं वाटलं. त्यांनी नजर दाबाच्या आकड्यांकडे वळवली. आता त्या पाच नंबरकडे बघत नव्हत्या, म्हणून मांडणीने तो कॅमेरा लहान करून कडेला नेला.

मुलांनो, तुमच्या लक्षात आलं का काय झालं? खिडकी मागे घे म्हणजे ती दुसऱ्या खिडकीच्या पाठी सरकव. पण इशारा मागे घेणं म्हणजे? आपल्याच भाषेत त्याचा अर्थ तो रद्द करणं. अर्ज मागे घेतात, तक्रार मागे घेतात, तसा इशाराही मागे घेतात. मांडणीने शुद्ध मराठीत सांगितलेलं काम केलं होतं. भोंगे थांबले. दिवे हिरवे झाले. आणि नदीकाठच्या प्रत्येक फोनमधून आवाज आला: “पाणी सोडण्याचा इशारा मागे घेण्यात आला आहे.”

“घ्या!” रोशनी टाळ्या वाजवत म्हणाली. “आज नाही येत पाणी.”

“येणारच नव्हतं तं मंग काहून धावडवलं?” कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसत पुन्हा खाली उतरले. आबाजी तर सगळ्यांत पुढे. त्यांनी काठी घेतली, मधली धार ओलांडली आणि बेटाच्या दिशेने निघाले. मऊ वाळूतून ती वीस मिनिटांची चाल होती.

मैत्रा आणि रोशनी टरबुजांची रास लावत बसल्या. मोजता मोजता मैत्रा म्हणाली, “ते मोठं मागे घे ना, पाठीमागचं दिसून नाही राहिलं.”

रोशनी खो खो हसली. “मागे घे काय! सरकव म्हण ना. तू तं तुह्या आईसारखीच बोलून राहिली.”

मैत्राच्या हातातलं टरबूज तसंच राहिलं.

आईसारखी. आई दिवसातून पन्नास वेळा ‘मागे घे’ म्हणते. आणि आज फोनवर काय ऐकलं आपण? ती उठून उभी राहिली. दहा चाळीस झाले होते.

“मावशी! वर चला. पाणी येणार आहे.”

“अवं पोरी, सरकारच सांगून राहिलं ना, नाही येत म्हणून.”

“सरकार नाही मावशी, ती माझी आई आहे! तिनं खिडकी मागे घे म्हटलं असल आणि त्या मशीननं भोंगाच मागे घेतला.”

कौशल्याबाईंना यातलं अर्धं कळलं नाही. त्यांनी मैत्राच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग तोंडाभोवती हात धरून ओरडल्या, “चला रे सगळे वर! पोरगी खोटी निघाली तं निघाली, हसू मंग!”

माणसं पुन्हा काठ चढली. पण आबाजी बेटावर पोचले होते. हाका त्यांच्यापर्यंत जात नव्हत्या, आणि गेल्या तरी त्यांना ऐकू येणार नव्हत्या. त्यांची पाठ इकडे होती. कोणी आणायला गेलं असतं तर पाणी यायच्या आत दोघंही परत आले नसते. धरण जवळच होतं, दरवाजा उघडल्यापासून सात-आठ मिनिटांत पाणी पाच नंबरला पोचायचं. कौशल्याबाई पदर तोंडाशी घेऊन उभ्या होत्या. रोशनी रडू लागली.

मैत्राने आईला फोन लावला. घंटी जात राहिली. पाणी सोडायच्या तासात नियंत्रण खोलीत घरच्या फोनचा आवाज बंद असतो. फक्त ‘घर’ नावाच्या खिडकीत चित्र उमटतं. उजव्या कोपऱ्यातल्या, टपाल तिकिटाएवढ्या खिडकीत.

धरणाच्या कार्यालयाचा नंबर लागत नव्हता. दहा बावन्न झाले.

मैत्राने हात हलवून बघितला आणि स्वतःच थांबली. तिकिटाएवढ्या चित्रात तिचा हात तो केवढा दिसणार? मुंगीच्या पायाएवढा. आई तिकडे बघतही नसेल. तिची नजर दाबाच्या आकड्यांवर असेल आणि बाकी सगळं अंधुक.

अंधुक. पण अंधुक म्हणजे आंधळं नव्हे. हे आईनेच तिला कधीतरी शिकवलं होतं. नजरेच्या कडेला अक्षर वाचता येत नाही, रंगही धड कळत नाही, पण हललेलं चटकन कळतं. गवतात काही सळसळलं तर मान आपोआप वळते. ज्यांची वळली ते आपले पूर्वज वाचले, आणि त्यांच्याकडून आपल्याला हा डोळा मिळाला. लाखो वर्षांमागच्या त्या अनोळखी आजी-आजोबांना मनातल्या मनात नमस्कार करावा असं मला नेहमी वाटतं.

मैत्राने हात हलवायचं सोडलं आणि फोनच हलवायला घेतला. कॅमेरा वर आभाळाकडे, खाली वाळूकडे. आभाळ, वाळू, आभाळ, वाळू. वर मे महिन्याचं पांढरंफटक ऊन, खाली काठावरची, तिची सावली पडलेली काळपट वाळू. तिकिटाएवढी का होईना, अख्खी खिडकी उजेड-अंधार, उजेड-अंधार अशी फडफडू लागली. मैत्राचा खांदा भरून आला, तरी ती थांबली नाही.

धरणावर कुंदाबाई खुर्चीवरून उठल्या होत्या. यादीत ‘इशारा दिला’ यापुढे खूण होती. दिलाच होता ना तो, दहा वाजता! त्यांनी भिंतीवरच्या कळीवर हात ठेवला आणि डोळ्याच्या कडेला काहीतरी माशीसारखं फडफडलं. त्यांनी मान वळवली.

त्यांची नजर पडताच मांडणीने आपलं नेहमीचं काम केलं. जिथे नजर, ती खिडकी मोठी. ‘घर’ कोपऱ्यातून झेपावत मधे आलं, भिंतीएवढं झालं. खोलीभर आभाळ, वाळू, आभाळ, वाळू. मग एकदम मैत्राचा घामाने भिजलेला चेहरा. आवाजही सुरू झाला.

“आई! तू इशारा मागे घेतला!”

“मी? नाही गं, मी फक्त खिडकी...”

कळ तापलेली असावी तसा कुंदाबाईंनी तिच्यावरचा हात झटकन उचलला.

“आबाजी बेटावर आहेत, आई. त्यांना ऐकू येत नाही.”

“दरवाजा बंद आहे, बेटा. बंदच राहील. जा, आणा त्यांना. सावकाश आणा.”

त्या दिवशी पाणी दीड तास उशिरा सुटलं. त्याआधी कुंदाबाईंनी पुन्हा भोंगा वाजवला आणि या वेळी एकेका घाटाचा कॅमेरा मोठा करून स्वतः बघितला. मग ठवकर साहेबांना फोन करून जे झालं ते, एक शब्दही न लपवता, सांगून टाकलं.

दुपारी चारला ठवकर साहेब खोलीत आले. पाठोपाठ कौशल्याबाई, आबाजी, रोशनी आणि मैत्रा. साहेबांनीच त्यांना बोलावलं होतं. कुंदाबाईंनी उठून आबाजींपुढे हात जोडले.

“हात काहून जोडते व बाई?” कौशल्याबाई म्हणाल्या. “तुह्या पोरीनं सांगितलं म्हणून आम्ही वर आलो. हात तं आम्ही जोडाचे.”

“पण मावशी, तुम्ही माझं ऐकलं,” मैत्रा म्हणाली. “फोन वेगळं सांगत होता, तरी तुम्ही माझं ऐकलं. थँक्यू.”

आबाजी सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. “भोंग्याचं चाललंय का? मले तं तो वाजला तेव्हाबी आयकू आला नाही, थांबला तेव्हाबी नाही. सूनबाई ओढते तिकडं मी जातो.” सगळे हसले आणि कुंदाबाईंना इतका वेळ अडलेलं रडू एकदाचं आलं.

ठवकर साहेबांनी खोलीतलं ध्वनिमुद्रण लावलं. आधी कालचं: “ही मागे घे.” “मागे घेतली.” मग आजचं: “इशारा जरा मागे घे.” “मागे घेतला.”

“ऐकलं, मेश्राम मॅडम? खिडकी असती तर ‘घेतली’ म्हणालं असतं. ‘घेतला’ म्हणालं, म्हणजे इशारा. मशीननं तुम्हाला सांगितलं होतं. एक वेलांटी आणि एक काना, एवढाच फरक.”

“मला ऐकूच आला नाही साहेब. लाल खिडकी समोरून गेली, मला वाटलं झालं काम.”

“मलाही आला नसता,” साहेब म्हणाले. “खिडकी आणि काम एक करायच्या कागदावर माझीही सही आहे. अहवालात दोघांचं नाव लिहू.” मग ते म्हणाले, “मला वाटतं, उद्यापासून हुकूम इंग्रजीतच द्यावेत. आपल्या भाषेत फार गोंधळ आहे.”

“गोंधळ भाषेत नाही, साहेब,” मैत्रा पटकन बोलून गेली. आईने डोळे मोठे केले, पण साहेबांनी हातानेच ‘बोलू दे’ म्हटलं. “मला आईचं बोलणं दोन्ही अर्थांनी कळलं, म्हणूनच ओळखता आलं. मशीनला एकच अर्थ माहीत होता. दोन असतील तिथं त्यानं विचारायला पाहिजे. खिडकी की काम, एवढंच.”

“बरोबर. पण दोन अर्थ कुठं कुठं आहेत ते त्याला कोण सांगणार? मला तर आत्ता एकही सुचत नाही.”

“पुढे ढकल,” कुंदाबाई डोळे पुसत म्हणाल्या. “खिडकी पुढे ढकल म्हटलं तर समोर आण. काम पुढे ढकल म्हटलं तर आज करूच नको.”

“अरे बापरे,” साहेब म्हणाले. “हे मी रोज म्हणतो.”

“गुंडाळ,” रोशनी म्हणाली.

“काय बोलून राहिले हे?” आबाजींनी विचारलं. कौशल्याबाईंनी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं, “काही नाही, आबाजी! बेटावरची टरबुजं गेली म्हटलं! आपण त्याच्यावर पाणी सोडलं!”

ठवकर साहेबांनी भिंतीवरच्या कळीकडे बघितलं, मग कौशल्याबाईंकडे.

“काय म्हणालात?”

“पाणी सोडलं म्हटलं. गेलं तं गेलं, नाद सोडला.” मग त्यांचं त्यांनाच ध्यानात आलं आणि त्या तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. “आग माय! धरणावर बसून मी काय बोलून राहिली!”

मैत्राने आईच्या टेबलावरची वही ओढली, कोरं पान काढलं आणि पहिल्या ओळीत ठळक अक्षरांत ‘पाणी सोडणे’ असं लिहिलं. मग तिने आईची फिरती खुर्ची कौशल्याबाईंच्या समोर ढकलत आणली, त्यांना तीत बसवलं आणि पेन हातात धरून म्हणाली, “मावशी, असे अजून सांगा.”